खळ निघेपर्यंत

माणूस हिंडता-फिरता असतो तोवर चादर ही रात्रीपुरती गोष्ट असते. तोच माणूस अंथरुणाला खिळला की चादर दिवसरात्र त्याच्या कातडीला भिडलेली असते. माझ्या वडिलांचा, अण्णांचा, खुबा मोडला आणि ऑपरेशननंतर त्यांना मी इचलकरंजीहून पुण्याला माझ्या घरी आणलं, तेव्हा ही गोष्ट मला नीट कळली. वय ऐंशीच्या पुढचं, अंगावर मांस कमी, कातडी पातळ. दवाखान्यातून निघताना बजावून सांगितलं होतं की दर दोन तासांनी कूस बदलायची, माकडहाड, टाचा आणि कोपर रोज बघायचे, कुठे लाली दिसली की लगेच कळवायचं. बेडसोर एकदा झाला की भरून यायला फार वेळ लागतो. नुसत्या दाबानं तो होतो असंही नाही. ओल, घर्षण आणि चादरीची एखादी चुणीसुद्धा त्याला पुरते.

अण्णांना घरच्या जुन्या चादरी कमी पडणार म्हणून भावानं गावाकडून कोरं सुती कापड पाठवलं. ओळखीच्या कारखान्यातून मागावरून उतरलेला तागा, त्याचे तुकडे फाडून, कडा दुमडून शिवलेल्या पाच-सहा चादरी. शंभर टक्के सूत, वीण घट्ट, अंथरलं की वर्षानुवर्षं टिकेल असं कापड. मी पहिली चादर साध्या धुण्यात धुऊन गादीवर घातली. संध्याकाळी अण्णा म्हणाले, ''बोचतंय गं मला. कागदावर निजल्यागत वाटतंय.''

दिवसा येणाऱ्या मावशींनी चादरीवरून हाताची पालथी बाजू फिरवली आणि मान हलवली. बरीच वर्षं त्या घरोघरी आजारी माणसांचं करतात. तळहात कामानं राठ झालेला असतो, त्याला खरखर कळत नाही, म्हणून त्या कापड नेहमी पालथ्या हातानं बघतात. ''ताई, ही बाबांच्या पाठीखाली नको,'' त्या म्हणाल्या. आम्ही लगेच चादर काढली आणि माझी सगळ्यांत जुनी, विरत आलेली चादर दुहेरी करून घातली. पण अण्णांच्या अंथरुणाला दिवसातून दोनदा चादर लागायची, कधी तीनदा. जुन्या चादरींवर निभणारं ते नव्हतंच. नव्या मऊ करणं भागच होतं.

आणि ते कसं करायचं हे घरात ज्याला सगळ्यांत चांगलं माहीत होतं, तो माणूस त्याच गादीवर पडून होता.

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी सुरू केला. त्यामागे नारायणराव बाबासाहेब घोरपड्यांचं पाठबळ होतं. पुढे त्या गावातल्या घरटी एकाचं तरी पोट मागाशी बांधलं गेलं. आमचंही. अण्णा मागावर नव्हते, ते सायझिंगला होते, म्हणजे सुताला खळ लावण्याच्या कारखान्यात. घरी यायचे तेव्हा अंगाला शिजलेल्या स्टार्चचा आंबूस, उबट वास असायचा. लहानपणी आम्हाला तो वास म्हणजेच अण्णा वाटायचे.

त्यांनी मला चादरीची न शिवलेली कड जवळ आणायला सांगितली. नखानं त्यातला एक उभा धागा सोडवला, मग एक आडवा. दोन्ही माझ्या हातात दिले. ''बघ.'' उभा धागा, म्हणजे ताण्याचा, बोटावर आडवा ठेवला तरी ताठच राहत होता. त्यावरून बोट ओढलं की बारीक पांढरी भुकटी सुटत होती. आडवा धागा, बाण्याचा, बोटावर ठेवताच दोन्ही बाजूंनी लोंबला. सूत एकाच जातीचं, जाडी जवळपास तेवढीच, तरीही दोन्हींत एवढा फरक. अण्णा म्हणाले, ''ताण्याला खळ लावत्यात, बाण्याला नाही. मागावर ताणा दिवसभर ताणात असतोय, फणीतनं घासत जातोय. खळ नसली तर क्षणाक्षणाला तुटंल. कापड विणून झालं की खळीचं काम संपलं. आता ती अंगाखाली कशाला ठेवायची?''

मग कारखान्याचं सगळं सांगितलं त्यांनी. मक्याचा नाहीतर साबुदाण्याच्या कंदाचा स्टार्च, जोडीला चिंचोक्याची पूड, थोडं स्निग्ध काही, वाफेवर शिजवायचं. ताण्याचे हजारो धागे एकदम त्या खळीतून जायचे, रुळांमध्ये पिळले जायचे, तापलेल्या सिलिंडरांवरून वाळून बीमवर गुंडाळले जायचे. सुताच्या वजनाच्या दहाएक टक्के खळ धाग्यावर बसते. म्हणजे किलोभर ताण्याच्या सुतामागे शंभर ग्रॅम वाळलेली खळ. दुकानात विकायला येणारं कापड प्रोसेस हाउसमध्ये जाऊन ही खळ काढून, उकळून, धुऊन येतं. आमचं कापड थेट मागावरून आलं होतं, म्हणून त्यात सगळी खळ जशीच्या तशी होती. दुकानातल्या कापडालाही शेवटी वजन आणि तजेला यावा म्हणून पुन्हा थोडी कांजी किंवा तसंच काही लावलेलं असतं; नवी चादर पहिल्यांदा हाताला कडक लागते ती यामुळे.

खळ आहे की नाही हे ओळखायची खूण तर घरातच होती. अण्णांच्या टाक्यांसाठी बीटाडीनची बाटली आणलेली होती. त्यांनी चादरीच्या कोपऱ्यावर एक थेंब टाकायला लावला. तपकिरी थेंब पडला आणि बघता बघता निळसर काळा झाला. स्टार्चला आयोडीन लागलं की हाच रंग येतो. कारखान्यातही खळ पुरती निघाली का हे असंच बघतात. शेजारी माझ्या जुन्या चादरीवर तसाच थेंब टाकला, तो पिवळट तपकिरीच राहिला. त्यानंतर धुतलेली प्रत्येक नवी चादर वाळली की आम्ही कोपऱ्यावर थेंब टाकून बघत असू. काळजी घेण्याच्या कामात 'आता झालं' असं खात्रीनं सांगणारं काही सापडणं फार दुर्मीळ असतं. तो थेंब मला तसा आधार वाटायचा.

खळ काढायची अण्णांची रीत सोपी होती, पण घाईची नव्हती. मोठ्या टबात हाताला सोसेल इतकं गरम पाणी, त्यात थोडी धुण्याची पावडर, चादरी पूर्ण बुडतील अशा घालायच्या आणि रात्रभर सोडायच्या. ''कुजू दे जरा,'' हा त्यांचा शब्द. पूर्वी कापड नुसत्या पाण्यात दिवसभर तसंच ठेवायचे. पाण्यातले जंतूच स्टार्च खाऊन टाकायचे. आता प्रोसेसमध्ये त्यासाठी एन्झाइम वापरतात, आणि बाजारातल्या एन्झाइमवाल्या धुण्याच्या पावडरींत बहुधा त्याच जातीचं, स्टार्च तोडणारं अमायलेज असतं. भाताचे-वरणाचे डाग काढायला ते घातलेलं असतं. खळीवरही तेच काम करतं. म्हणून मी पाकिटावर 'एन्झाइम' असं लिहिलेली पावडर आणली. उकळत्या पाण्यात असलं एन्झाइम मरतं, म्हणून भिजवताना पाणी कोमटाच्या थोडं वर, एवढंच.

सकाळी टबातलं पाणी तांदळाच्या पेजेसारखं गढूळ आणि बोटांना बुळबुळीत झालं होतं. वासही तोच, अण्णांच्या सदऱ्याला यायचा तो. पाणी ओतून दिलं, चादरी खळबळून पुन्हा स्वच्छ पाण्यात घातल्या, पाणी गढूळ व्हायचं थांबेपर्यंत हे केलं. बुळबुळ गेली, पण कापडावर टाकलेला पाण्याचा थेंब अजून तसाच उभा राहत होता, आत जिरत नव्हता. ''मेण हाय त्यात,'' अण्णा म्हणाले. कापसाच्या तंतूवर मुळातच मेणाचा पातळ लेप असतो. कोऱ्या कापडात सरकीचे तपकिरी ठिपके दिसतात, तसाच हा मेणाचा अंशही राहून गेलेला असतो. तो उकळल्याशिवाय निघत नाही. परीट भट्टी लावायचे ती यासाठीच.

आमची भट्टी गॅलरीतल्या जुन्या शेगडीवर लागली. स्टीलचं मोठं पातेलं, दहा लिटर पाण्याला मूठभर धुण्याचा सोडा. खायचा सोडा इथे कामाचा नाही, तो फारच सौम्य पडतो. आणि पातेलं ॲल्युमिनियमचं चालत नाही, सोडा त्या धातूला खातो. एका वेळी एकच चादर, तासभर मंद उकळी, लाकडी दांडक्यानं खालीवर. पाणी चहासारख्या रंगाचं झालं. हे काम माझ्या नवऱ्यानं अंगावर घेतलं, कारण उकळतं पाणी आणि ओली जड चादर हे एकट्याचं काम नाही. उकळल्यावर चादर लांबीला चांगली चार बोटं आटली; कोरं कापड आटतंच, म्हणून भावानं ती मुळातच मोठी फाडली होती. वाळल्यावर पाण्याचा थेंब टाकला तो टाकताक्षणी पसरला. बीटाडीनचा थेंब पिवळट राहिला. मावशींनी पालथा हात फिरवला आणि चादर न बोलता गादीवर घातली.

एवढ्यावर सगळं संपायला हवं होतं. पण चादरी पुन्हा कडक व्हायला लागल्या. प्रत्येक धुण्यानंतर थोड्या थोड्या, आणि माझ्या जुन्या चादरीसुद्धा. खळीचा थेंब-तपास तर साफ येत होता. अण्णांच्या कारखान्यात उत्तर नसलेला हा प्रश्न होता. त्याचं उत्तर माझ्या नळात होतं.

आम्ही पुण्याच्या कडेला राहतो. वापरायचं पाणी बोअरचं, उन्हाळ्यात टँकरचं. दख्खनच्या काळ्या खडकातून येणारं हे पाणी सोबत कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घेऊन येतं. डाळ लवकर शिजत नाही, गिझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो, नळाच्या तोंडाला चुना साचतो, हे सगळं आम्हाला रोजचंच. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह धरलाय, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. आमच्या सोसायटीच्या पाण्याचा तपासणी अहवाल दोनशेच्या कितीतरी वर होता. अशा पाण्यात साबणाची वडी घासली की फेसाऐवजी मेणचट चुनकट साका होतो. तो पाण्यात विरघळत नाही, धाग्यांमध्ये जाऊन बसतो. अण्णांच्या चादरींवरचे डाग मावशी वडीनंच घासायच्या. मशीनमध्ये पावडर घातली तरी तिचा बराचसा जोर या क्षारांशी झगडण्यात जातो, मग आपण पावडर वाढवतो, आणि थोडक्या पाण्यात खळबळल्यामुळे तीही कापडात उरते.

म्हणजे खळ गेली होती आणि तिच्या जागी दुसरी खळ बसत होती. एवढं ध्यानात आल्यावर पुढचं कळायला वेळ लागला नाही. डागांसाठी वडी बंद केली. धुण्याच्या पाण्यात आधी चमचाभर धुण्याचा सोडा विरघळवून मग पावडर घालायला लागलो. सोडा कॅल्शियमला बाजूला पाडतो आणि पावडरीला तिचं काम करू देतो. पावडर पाकिटावर लिहिलेल्या मापाइतकीच. खळबळणं एक वेळ जास्त. आणि शेवटच्या पाण्यात, बादलीत, अर्धी वाटी साधं पांढरं व्हिनेगर. कापडात उरलेला सोड्याचा अंश त्यानं मारला जातो, चुन्याचा थर सैल होतो. वाळल्यावर वास अजिबात राहत नाही. दोन गोष्टी मात्र कटाक्षानं पाळल्या. सोडा आणि व्हिनेगर एकत्र कधीच घातलं नाही, कारण ते एकमेकांना मारून मोकळे होतात. आणि ब्लीचच्या जवळपास व्हिनेगर येऊ दिलं नाही, कारण त्यातून क्लोरीनचा विषारी वायू सुटतो. घरात छातीनं कमजोर म्हातारं माणूस असताना हे विसरून चालत नाही.

शेजारणीनं मायेनं फॅब्रिक कंडिशनरची बाटली आणून दिली होती. त्यानं चादर हाताला लगेच गुळगुळीत लागली, हे खरं. पण पाण्याचा थेंब पुन्हा पृष्ठभागावर रेंगाळायला लागला. कंडिशनर धाग्यावर एक स्निग्ध थर चढवतो, तंतू एकमेकांवरून घसरतात, म्हणून मऊ वाटतं. त्याच थरामुळे कापड घाम कमी टिपतं. सोफ्यावरच्या अभ्र्याला ते चालेल. चोवीस तास पाठ टेकून पडलेल्या माणसाला मात्र कोरडेपणा आधी हवा, म्हणून ती बाटली आम्ही अण्णांच्या कपड्यांपासून दूर ठेवली.

याच सुमारास कपाटातल्या फुलाफुलांच्या एका चादरीनं मला आणखी एक गोष्ट दाखवली. तिच्यावर डोळे मिटून बोट फिरवलं तर फूल कुठे सुरू होतं हे कळायचं. जमीन मऊ आणि फुलं राठ. अण्णा म्हणाले, ''हा छाप वरनं चिकटवलाय.'' पिगमेंटच्या छपाईत रंग कापडावर बसवायला बाइंडर लागतो, म्हणजे एक प्रकारचा डिंकच, आणि तो काढायचा म्हटला तर रंगही जातो. धाग्यात मुरणाऱ्या रंगाची छपाई असेल तर बोटाला काही लागत नाही. तेव्हापासून मी चादर विकत घेताना छापावरून बोट फिरवून बघते. धुऊन जाणारा कडकपणा मी पत्करते, न जाणारा नाही.

वाळवण्याचं सांगायचं राहिलं. मे महिन्यात गच्चीवर वारा पडलेला असताना वाळलेली चादर फळीसारखी व्हायची, आणि संध्याकाळी वाऱ्यात फडफडत वाळलेली तीच चादर मऊ. जपानमधल्या होक्काइडो विद्यापीठाच्या आणि काओ कंपनीच्या संशोधकांनी २०२० साली याचं कारण मांडलं. सुती कापड वाळलं असं आपल्याला वाटतं तेव्हाही तंतूंच्या पृष्ठभागाला अगदी थोडं पाणी धरून राहतं आणि ते शेजारशेजारच्या तंतूंना एकमेकांशी जोडून ठेवतं. कापड हलत राहिलं तर हे सांधे जमत नाहीत, जमलेले सांधे झटकल्यानं, चोळल्यानं सुटतात. दोघांनी चादरीची टोकं धरून कडकडून झटका द्यायचा आणि मग दोरीवर टाकायची, काढल्यावर पुन्हा झटकायची, ही आपल्याकडच्या बायकांची जुनीच पद्धत. आमच्याकडे संध्याकाळी हे काम मी आणि मुलगा करायचो. तो जोर लावून झटकायचा आणि आतून अण्णा विचारायचे, ''झाली का चादर?''

जूनमध्ये पाऊस लागला. पहिले दोन-तीन पाऊस गच्ची धुऊन जाऊ दिले आणि मग पन्हळीच्या पाइपाखाली पिंपं ठेवली. ढगातून उतरणाऱ्या पाण्यात कॅल्शियम नसल्यासारखंच. एवढ्याशा पावडरीचाही त्यात भरभरून फेस आला, आणि शेवटचं खळबळणं त्या पाण्यात केलं की व्हिनेगरही लागत नव्हतं. चादरी घरातच दोरीवर, पंख्याच्या वाऱ्यात वाळल्या. अण्णांनी पहिल्यांदा स्वतःहून सांगितलं, ''आज चादर चांगली हाय.''

अण्णांना बेडसोर झाला नाही. त्याचं श्रेय मी एकट्या चादरीला देणार नाही. मावशींनी घड्याळ लावून त्यांची कूस बदलली, एअर बेड होता, फिजिओथेरपीच्या बाईंनी त्यांना लवकर बसतं केलं. वॉकर धरून ते हॉलपर्यंत यायला लागले, तशी चादरींची गरजही कमी झाली. पण त्या महिन्यांत रात्री ते सलग झोपू शकले, अंगाखाली काही बोचत नव्हतं म्हणून, एवढं मी नक्की सांगू शकते. वेदना असलेल्या माणसाला झोप लागणं हीच किती मोठी गोष्ट असते, हे ज्यांनी उशाशी रात्री काढल्यात त्यांना ठाऊक आहे.

दवाखान्यातून सोडताना हातात येणाऱ्या कागदावर गोळ्या असतात, पथ्य असतं, कूस बदलायच्या वेळा असतात. अंथरायचं काय आणि ते कसं धुवायचं, याची ओळ नसते. ती असायला हवी, असं मला मनापासून वाटतं. आजाऱ्याचं धुणं घरातल्या कुणीतरी, बहुतेक वेळा एखाद्या बाईनं, कोपऱ्यात बसून उरकायचं काम समजलं जातं; प्रत्यक्षात ती शुश्रूषाच आहे आणि औषधाइतकं लक्ष तिला द्यावं लागतं. तुमच्या घरी कुणी अंथरुणावर येणार असेल तर नवी चादर आदल्या रात्रीच भिजत घाला. खळ, साबण, चुना यांतलं काय अडकलंय ते आधी ओळखा आणि तेवढंच काढा. सूत मुळात मऊच असतं. आपण त्यात जे साठू देतो ते वेळेवर बाहेर काढणं, एवढं आपल्या हातात आहे, आणि ते काम घरातल्या प्रत्येकाला यायला हवं.